काना पुसलेला कीबोर्ड

मित्रांनो, मला पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, याच्या अंगावर काही लिहिलेलंच नाही. पण तसं नाही. एके काळी माझ्यावर दोन भाषांची अक्षरं होती. इंग्रजी अक्षरं कारखान्यातच छापलेली होती आणि मराठी सोलापुरात येऊन चिकटवलेली. सगळ्यात आधी माझा काना पुसला, कारण मराठीत काना फार लागतो. मग र गेला, मग क गेला. मी एक जुना कीबोर्ड आहे. बाळीवेशीजवळ भांड्यांच्या दुकानाच्या वर चन्नप्पा सरांचा टायपिंग क्लास आहे, तिथल्या खिडकीकडच्या टेबलावर माझं आयुष्य गेलं.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. कुठल्याशा मोठ्या कारखान्यात, माझ्यासारख्याच भावंडांबरोबर एका पट्ट्यावरून सरकत आलो, एवढं आठवतं. मग खोका, अंधार आणि ट्रकचे हादरे. खोका उघडला तेव्हा समोर जाड भिंगांचा चष्मा आणि कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे दिसले. ते चन्नप्पा सर. त्यांच्या माळ्यावर लोखंडी टाईपरायटर एकावर एक रचून ठेवलेले होते. टायपिंगची परीक्षा संगणकावर होऊ लागली आणि ती थोर मंडळी निवृत्त झाली. त्यांच्या जागेवर आम्ही आलो. सरांनी जिभेचं टोक दातात धरून माझ्या एकेका बटणावर मराठी अक्षर चिकटवलं, ते हळूच अंगठ्यानं दाबलं आणि म्हणाले, "आता तू सोलापूरकर झालास बघ."

माझे कामाचे दिवस फार चांगले गेले. श्रीपूर, करकंब, अक्कलकोट अशा सगळ्या बाजूंनी मुलंमुली यायची. सरकारी कचेरीत क्लार्क व्हायचं तर टायपिंगचं सर्टिफिकेट लागतं, म्हणून त्यांना मी लागायचो. शेतात कामं केलेले हात माझ्यावर पडले की मी टेबलासकट हलायचो. सर लांबून ओरडायचे, "अरे, उसाच्या मोळ्या टाकाया आलास काय? निधान, निधान!" सरांच्या घरी कन्नड बोलतात. 'सावकाश' म्हणायचं असलं की त्यांच्या तोंडून 'निधान'च निघायचं. मुलं हसायची, पण हात हलका करायची.

अशाच एका दुपारी अनिसा आली. तिच्याबरोबर तिचे वडील अल्लाउद्दीन होते. ते रिक्षा चालवायचे. अंगात खाकी शर्ट होता आणि जिना चढून दम लागला होता.

"सर, पोरगी बी.कॉम. झालीय," ते म्हणाले. "आता तुमी शिकवा. कुठल्याबी सरकारी हापिसात खुर्चीवर बसली पायजे. बस्स."

अनिसानं लाजून त्यांची बाही ओढली.

सरांनी तिला माझ्यासमोर बसवलं. मी माणसांना आधी बोटांनी ओळखतो. तिच्या एका बोटाचं टोक जरा खडबडीत होतं. तिची आई लालबी फॉल-पिको करायची आणि अनिसा तिला मदत करायची, त्या सुईचा तो खडबडीतपणा. नवी मुलं वाकून वाकून माझ्यावरची अक्षरं शोधतात. अनिसानं थोड्याच दिवसांत माझ्याकडे बघणं सोडलं. तिची नजर समोरच्या उताऱ्यावर असायची आणि बोटं मधल्या ओळीत, आपापल्या घरी. उतारा संपला की ती एन्टरचं बटण असं टक् करून दाबायची, जणू कुणाला टाळी दिली. मला ते फार आवडायचं.

त्याच सुमाराला सिद्धेश्वरी यायला लागली. ती अक्कलकोटकडच्या एका खेड्यातून एसटीनं यायची. मोठ्यानं बोलायची, मोठ्यानं हसायची आणि शेंगदाणे खात टाईप करायची. त्यांची फोलपटं माझ्या बटणांखाली जाऊन बसायची. मी दोघींच्या वाट्याला आळीपाळीनं यायचो. एकीचा उतारा चालू असला की दुसरी घड्याळ लावून बसायची. सिद्धेश्वरी चुकली की अनिसा म्हणायची, "परत." अनिसा चुकायचीच नाही, म्हणून सिद्धेश्वरी वैतागायची. "चूक की गं एकदा! मला लई एकटं वाटतं."

दोघी पास झाल्या. सरांनी दोघींचे फोटो फळ्यावर लावले. त्या दिवसांत माझंही कौतुक झालं. 'खिडकीकडच्या कीबोर्डवर हात चांगला बसतो,' अशी माझी ख्याती झाली आणि मुलं माझ्यासाठी लवकर येऊ लागली. मला वाटलं, आता या दोघी नोकरीला लागतील आणि मला विसरतील. विसरल्या तरी चालेल, असंही वाटलं.

पण तसं झालं नाही, मित्रांनो. सर्टिफिकेट मिळालं की नोकरी लागते, असं मी समजत होतो. मी एक कीबोर्ड. मला काय कळणार?

जाहिरात आली की दोघी माझ्यावरच अर्ज भरायच्या. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव. वेबसाईट मध्येच बंद पडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या परीक्षेला अनिसाचं केंद्र पार नागपूरला आलं. अल्लाउद्दीन रिक्षा बंद ठेवून तिच्याबरोबर गेले. परत आल्यावर त्यांनी क्लासच्या दारातून सगळ्यांना सांगितलं, "पेपर एकदम फस्क्लास!" रिक्षात बसणाऱ्या प्रत्येक पॅसेंजरला ते सांगायचे, की माझी पोरगी सरकारी परीक्षा देतीय. मग बातमी आली, पेपर आधीच फुटला होता. परीक्षा रद्द. त्या दिवशी अनिसा माझ्याशेजारी टेबलावर डोकं ठेवून खूप रडली आणि सिद्धेश्वरीनं कन्नडमध्ये कुणाकुणाला शिव्या घातल्या. सरांनी त्या ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या परीक्षेत अनिसाचं नाव यादीत आलं. घरी शिरखुर्मा झाला. मग कुणीतरी कोर्टात गेलं आणि ती यादी तिथेच अडकून पडली. या वेळी ती थोडीच रडली.

तिसरी परीक्षा अगदी तोंडावर आलेली असताना पुढे ढकलली गेली. सिद्धेश्वरी धावत जिना चढून सांगायला आली. अनिसा माझ्यावर उतारा टाईप करत होती. ती म्हणाली, "हो का?" आणि उतारा पुढे चालू ठेवला. एक अक्षर चुकलं नाही. उतारा संपला. एन्टरचं बटण तिनं दाबलं, पण टक् असा आवाज आला नाही. नुसतं बोट ठेवलं आणि उचललं.

मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की हिचं काहीतरी बिघडलं आहे.

बाहेरून काही दिसत नव्हतं. ती रोज वेळेवर यायची. वेग तर पूर्वीपेक्षा वाढला होता. सरांनी तिला संध्याकाळच्या मुलांना शिकवायला ठेवलं, ते काम ती नीट करायची. पण तिची बोटं माझ्यावर पडायची तेव्हा त्यांत ती नसायची. भांड्यांचे दुकानदार जिन्यात भेटले की विचारायचे, "काय, लागलं का कुठं?" ती म्हणायची, "नाही अजून." त्यात ना वाईट वाटणं होतं, ना चिडणं. अल्लाउद्दीननी पॅसेंजरला सांगणं कधी बंद केलं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

एकदा लालबी क्लासवर आल्या. एक स्थळ आलं होतं. त्या पदर सावरत सरांना सांगत होत्या, "मी हिला इचारलं, बेटा, क्या बोलू उनको? तर म्हणती, तुमको जो लगे वो. भांडली असती, रडली असती, तर मला बरं वाटलं असतं हो सर. माझी पोरगी अशी नव्हती." त्यांनी त्या स्थळाला आपणच नाही म्हणून कळवलं होतं. अशा 'हो'ची त्यांना भीती वाटली होती.

मग एका खात्याची क्लार्कची भरती निघाली. लेखी परीक्षा झाली, चक्क वेळेवर झाली, आणि अनिसा व सिद्धेश्वरी दोघी त्यात पास झाल्या. आता फक्त टायपिंगची चाचणी राहिली होती. तिच्यात नुसतं पास व्हायचं आणि मग लेखीच्या गुणांवर जागा मिळायची. गुण सगळ्यांना माहीत होते. मुलांनी मोबाइलवर हिशेब मांडून ठेवले होते. आपल्या भागात मुलींच्या ज्या जागा होत्या, त्यांतल्या शेवटच्या जागेवर सिद्धेश्वरी बसत होती. तिच्या लगेच खाली अनिसा होती. दोघींचा प्रवर्ग एकच. वरची एक जरी टायपिंगमध्ये नापास झाली, तरी अनिसा आत येणार होती. क्लासमध्ये हे कुणी मोठ्यानं बोललं नाही. पण दोघी एकमेकींना घड्याळ लावून द्यायच्या तेव्हा तो हिशेब मला दोघींच्या बोटांत जाणवायचा.

चाचणी पुण्याला होती आणि स्वतःचा कीबोर्ड आणायला परवानगी होती. सरांनी मला ब्रशनं साफ केलं, टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि अनिसाच्या हातात दिलं. "हाच घेऊन जा. हात बसलाय तुजा." सिद्धेश्वरीनं नवीन कीबोर्ड घेतला होता. आम्ही सकाळच्या गाडीनं निघालो. अल्लाउद्दीन, अनिसा, सिद्धेश्वरी आणि मी. मी पहिल्यांदाच सोलापूर सोडत होतो. पुणे स्टेशनवर उतरताना गर्दीत सिद्धेश्वरीची पिशवी वरच्या फळीवरून खाली पडली. तिनं ती उचलून घेतली आणि आम्ही केंद्रावर गेलो.

अनिसा पहिल्या तुकडीत होती. मोठा हॉल, एसीची गार हवा आणि सगळीकडे टकटक. मला संगणकाला जोडलं. घंटा झाली. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी इतका नीट कधी चाललो नव्हतो. तिची बोटं पडत होती, अक्षरं उठत होती. मध्ये एकदाही ती थांबली नाही. शेजारचा मुलगा घामानं भिजला होता, पण अनिसाची बोटं कोरडी होती. वेळ संपायच्या आधीच उतारा संपला. तिनं हात मांडीवर ठेवले आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसली.

बाहेर आलो तर सिद्धेश्वरी पायरीवर बसलेली. मांडीवर तिचा कीबोर्ड. पिशवी पडली तेव्हा त्याच्या वायरची पिन वाकून गेली होती आणि ते तिला आत्ता कळलं होतं. ती पिन सरळ करायला गेली तर तुटूनच हातात आली. केंद्रातले कीबोर्ड मिळत होते, पण आतून आलेली एक मुलगी रडत सांगत होती, "हितले घेऊ नका गं. लई बेकार. एक काना दाबला की दोन पडत्यात."

पुढच्या तुकडीला आत बोलवायला लागले होते. सिद्धेश्वरीनं मान वर केली. मग म्हणाली, "अनिसा, तुजा देतीस का गं?"

अल्लाउद्दीन बाजूला उभे होते. तो हिशेब त्यांनाही माहीत होता. त्यांनी मुलीकडे बघितलं, मग जमिनीकडे बघितलं.

अनिसानं टॉवेल सोडला आणि मला सिद्धेश्वरीच्या हातात दिलं. "घे," ती म्हणाली. "स्पेसबार जरा डावीकडं दाब. उजवीकडं अडकतो."

मी पुन्हा आत गेलो. सिद्धेश्वरीची बोटं घामानं ओली होती. तुमच्यापासून काय लपवू? मला एकदा वाटलं, आता माझं एखादं बटण अडकलं तर! पण आम्हा वस्तूंना बाजू घेता येत नाही. बोट पडलं की अक्षर उठवायचं, एवढंच मला येतं. तिनं स्पेसबार डावीकडंच दाबला. वेळ संपत आली तेव्हा तिचाही उतारा संपला.

परतीच्या गाडीत अल्लाउद्दीननी तीन चहा घेतले, दोन मुलींना दिले आणि आपला कप घेऊन खिडकीबाहेर बघत राहिले. मग स्वतःशीच म्हणाले, "दिया तो दिया." एवढंच. त्यावर ते नंतर कधी बोलले नाहीत.

सरांना कळलं तेव्हा त्यांनी अनिसाला विचारलं, "का दिलास गं?"

"तिनं मागितला, सर. मी दिला."

दोघी चाचणीत पास झाल्या. यादी लागली. सिद्धेश्वरी आत आणि अनिसा प्रतीक्षा यादीत सगळ्यात वर. सिद्धेश्वरी पेढे घेऊन आली. तिला अनिसाच्या डोळ्यांकडे बघता येत नव्हतं. अनिसानं पेढा खाल्ला आणि म्हणाली, "गोड आहे." सिद्धेश्वरी सांगोल्याच्या कचेरीत रुजू झाली. क्लासमधली मुलं म्हणू लागली, अनिसा मॅडमचं मन किती मोठं! नव्या मुलांना ती गोष्ट सांगितली जाऊ लागली. अनिसा ती ऐकायची आणि फळ्यावर पुढचा धडा लिहायची.

प्रतीक्षा यादीला मुदत असते. वरच्या कुणी नोकरी सोडली तर खालच्याला बोलावतात. कुणी सोडली नाही. मुदत संपली. त्या दिवशीही अनिसानं दिवे लावले, मुलांना बसवलं, उतारे दिले आणि दिवे बंद केले.

दरम्यान मीही म्हातारा झालो. क्लासमध्ये नवे, पातळ, काळेभोर कीबोर्ड आले. मला खिडकीपासून उचलून कोपऱ्यातल्या जुन्या संगणकाला जोडलं. माझ्यावर धूळ बसू लागली. आता मुलं माझ्यासाठी लवकर येत नव्हती. फक्त अनिसा दुपारी क्लास रिकामा असला की माझ्यावर येऊन उतारा टाईप करत बसायची. कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं.

अशाच एका दुपारी सिद्धेश्वरी आली. सर आतल्या खोलीत झोपले होते. ती दारात उभी राहिली. आता ती साडी नेसायची आणि तिच्या खांद्याला कचेरीत नेण्याची पर्स होती.

"फोन उचलत न्हाईस," ती म्हणाली.

"क्लास असतो."

"दिसभर?"

अनिसा टाईप करत राहिली. सिद्धेश्वरी जवळ आली आणि एकदम म्हणाली, "मला ठावं होतं की. माज्या खाली तुजंच नाव होतं. तरीबी मागितला मी."

"मला पण माहीत होतं. तरी दिला."

"मग एकदा तरी शिव्या घाल की मला! लोकं म्हणत्यात, अनिसाचं मन लई मोठं. मला ते ऐकवत न्हाय गं."

अनिसाची बोटं थांबली. एक शब्द अर्धाच राहिला.

"मन मोठं नाही, सिद्धी," ती म्हणाली. "तू मागितलास तेव्हा मला काहीच वाटलं नाही. द्यावा असं वाटलं नाही, देऊ नये असंही वाटलं नाही. पाणी यायचा दिवस नसताना आपण नळ सोडतो ना, तसं. नुसती हवा. मी रोज बघते, आज तरी तुझा राग येतोय का. येत नाही. कशाचाच येत नाही. अम्मी रडते, त्याचंही काही वाटत नाही. मला भीती वाटते आता."

सिद्धेश्वरीनं तिला काही समजावलं नाही. होईल सगळं नीट, असं म्हणाली नाही. तिनं खुर्ची ओढली आणि अनिसाच्या अगदी शेजारी बसली. खालून भांड्यांचे आवाज येत होते. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "हापिसात बसते तवा रोज वाटतं, ही खुर्ची तुजी हाय."

"वाटू दे," अनिसा म्हणाली. आणि मग तिचा आवाज एकदम चढला. "वाटलंच पाहिजे! माझ्या अब्बानं सगळीकडं माझ्याबरोबर धक्के खाल्ले, सिद्धी. तुझ्याजवळ नवीन कीबोर्ड होता, नीट सांभाळायला काय झालं होतं तुला?"

आत सरांचं घोरणं थांबलं. अनिसा स्वतःच्याच आवाजानं दचकली होती. एक थेंब माझ्या स्पेसबारवर पडला, मग दुसरा.

सिद्धेश्वरीचेही डोळे भरले होते. पण ती हळूच म्हणाली, "आला की."

"काय आला?"

"राग."

अनिसा तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं ओढणीनं तोंड दाबलं आणि हुंदके देऊन रडली. सिद्धेश्वरी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. नंतर दोघी तोंड धुऊन जिना उतरून खाली गेल्या. तो अर्धा शब्द स्क्रीनवर तसाच राहिला.

एका दुपारीत सगळं बदलत नाही, मित्रांनो. दुसऱ्या दिवशी अनिसा पुन्हा तशीच गप्प होती. पण मधूनमधून काहीतरी यायचं आणि जायचं. अनिसाला अजून सरकारी नोकरी लागलेली नाही. सरांना आता नीट दिसत नाही, त्यामुळे क्लास तीच चालवते. जाहिरात आली की अर्ज भरते. सिद्धेश्वरी सुट्टीच्या दिवशी येते. कधी दोघी भांडतात, कधी नुसत्या बसतात.

माझ्यासारख्याची काळजी घेणं सोपं असतं. उलटं धरून झटकलं, ब्रश फिरवला की धूळ निघते. माणसाचं तसं नसतं. तुमच्या घरी किंवा शेजारी कुणी ताई, कुणी दादा वर्षानुवर्षं परीक्षा देत बसला असेल आणि अगदी शांत दिसत असेल, तर तो ठीक आहे असं समजू नका. लागलं का, असं विचारू नका. खुर्ची ओढून शेजारी बसा. तो चिडला, तर चिडू द्या.

परवा एक परीक्षा पुन्हा पुढे ढकलल्याची बातमी आली. अनिसा कोपऱ्यात माझ्यासमोर बसली होती. तिनं ती वाचली, "काय चाललंय काय यांचं!" असं ओरडली आणि माझ्यावर अशी मूठ आपटली, की एक बटण उडून टेबलाखाली गेलं. सगळी मुलं घाबरून बघायला लागली. मला फार लागलं. पण खरं सांगतो मित्रांनो, इतकं बरं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.